दुर्बीण थांबली कोठे?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. या व्यासपीठावरून राज्यघटना, संतवाङ्मय, शेतीचे अर्थकारण अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह होतो. तेथे उभे राहून दुर्बिणीच्या विजेच्या सॉकेटविषयी तासभर बोलावयाचे, हे काहींना औचित्याला सोडून वाटेल. आमचे म्हणणे एवढेच की, विषय लहान असला तरी त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एखादी गोष्ट चालेनाशी झाली म्हणजे आपण दोष कोठे शोधतो, आणि तो असतो कोठे, हा तो प्रश्न. सॉकेट हे त्याचे निमित्त आहे.

प्रथम दुर्बिणीच्या बैठकीला वीज लागतेच कशाला, ते पाहू. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पुरी करते. त्यामुळे तारे आपल्या डोक्यावरून दर सेकंदाला सुमारे १५ विकला इतक्या गतीने सरकताना दिसतात. नुसत्या डोळ्यांना ही गती जाणवत नाही. पण २०० पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत आकाशाचा जेमतेम पाव अंशाचा तुकडा दिसतो, आणि त्याच्या मध्यावर आणलेला शनी अर्ध्या मिनिटात कडेपलीकडे निघून जातो. त्याला धरून ठेवावयाचे तर दुर्बीण पृथ्वीच्या उलट दिशेने, तितक्याच संथपणे फिरली पाहिजे. म्हणून बैठकीचा एक आस ध्रुवाकडे रोखतात (पुण्यास तो क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंश वर येतो) आणि त्या आसाभोवती दुर्बीण फिरवीत राहतात.

हे काम पूर्वी घड्याळयंत्र करीत असे. फ्राउनहोफरने १८२४ साली दोर्पात येथील वेधशाळेसाठी, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तूसाठी, जी मोठी दुर्बीण घडविली, तिला असे यंत्र जोडलेले होते. पुढे शतकभर जगातील मोठ्या दुर्बिणी याच रीतीने फिरल्या: वर टांगलेले वजन हळूहळू खाली उतरे आणि दातेरी चक्रांमार्फत दुर्बीण फिरवी. आपल्या पुण्यातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायन्स कॉलेजच्या आवारात कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी वेधशाळा चालविली. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली २० इंची आरशाची दुर्बीण तेथे होती, आणि त्या काळी हिंदुस्थानात तिच्याएवढी मोठी दुसरी नव्हती. याच नेगमवालांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला होता. कित्येक महिन्यांची तयारी, आणि खग्रास अवस्था दोनएक मिनिटांची. त्या दोन मिनिटांत यंत्र अडले असते, तर सूर्याने पुन्हा संधी दिली नसती.

वजनाच्या यंत्रात एक सोय होती. दोरी गुंतली, दाता तुटला, तेल सुकले, तर ते डोळ्यांना दिसे. आता वजनाची जागा मोटारीने घेतली आहे आणि घड्याळाची जागा एका इलेक्ट्रॉनिक कार्डाने. हातातील खटके दाबले की दुर्बीण आपोआप गुरूकडे वळते, तेथून शनीकडे जाते. सोय शतपटीने वाढली, पण बिघाड डोळ्यांआड गेला. जे दिसत नाही त्याविषयी माणूस तर्क करण्याऐवजी कल्पना करू लागतो, आणि खरी अडचण येथून सुरू होते.

आता मूळ विषयाकडे वळू. अशा बैठकीला साधारणपणे १२ व्होल्टची एकदिश वीज लागते. ती बॅटरीतून किंवा भिंतीवरच्या अडॅप्टरमधून येते, आणि जेथून आत शिरते तो एक बोटाच्या पेराएवढा सॉकेट असतो. त्याच्या मध्यभागी एक बारीक सुळका आणि कडेला एक स्प्रिंगची पट्टी. वायरीच्या टोकाची पिन पोकळ नळीसारखी असते. नळीचे आतले अंग सुळक्याला टेकते, बाहेरचे अंग पट्टीला. बहुतेक बैठकींत मध्यभाग धन आणि बाहेरचा भाग ऋण असतो. पण तो गृहीत न धरता बैठकीवरील खूण पाहून घ्यावी, कारण उलट जोडणी झाली तर कार्ड खरोखरच जळू शकते.

या पिनांच्या मापात एक मोठी फसगत आहे. बाहेरून दोन्ही साडेपाच मिलिमीटर जाडीच्या, पण आतले भोक एकीचे २.१ मिलिमीटर आणि दुसरीचे २.५. दिसावयास जुळ्या बहिणी. २.१ च्या सुळक्यावर २.५ ची पिन सहज जाते, दिवाही लागतो, आणि दुकानदार म्हणतो, "बसली की!" पण ती बसलेली नसते, नुसती टेकलेली असते. वायरीला धक्का लागला की संबंध तुटतो.

२०२३ च्या डिसेंबरात एका तालुक्याच्या गावी आम्हांला बोलावणे आले. तेथील शाळेने गावकऱ्यांच्या वर्गणीतून एक चांगली दुर्बीण घेतली होती. शाळेचे आणि गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्या वर्षी संध्याकाळी शनी पश्चिमेला आणि गुरू डोक्यावर असा छान योग होता. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील अडीचशे मुलांना एका रात्री ग्रहदर्शन घडवावयाचे ठरले होते. आणि चार दिवस आधी दुर्बिणीने असहकार पुकारला.

लक्षण असे होते. खटका दाबला की दिवा लागे. दुर्बीण ताऱ्यामागे संथपणे चालेही. पण एका ग्रहावरून दुसऱ्याकडे जलद वळावयास सांगितले, की हातातील यंत्राची अक्षरे पुसली जात, क्षणभराने पुन्हा उमटत, आणि यंत्र पहिल्यापासून तारीख, वेळ, स्थळ विचारू लागे. मधल्या झटक्यात ते आपली दिशा विसरलेले असे. मग पुन्हा दोन तारे दाखवून त्याची ओळख करून द्यावयाची, आणि पुढच्या वळणाला पुन्हा तीच गत.

निदान मात्र आम्ही पोहोचण्यापूर्वीच झाले होते. विक्रेत्याने दूरध्वनीवरूनच "कार्ड गेले" असा निकाल दिला होता. नव्या कार्डाची किंमत शाळेच्या प्रयोगशाळेच्या वर्षभराच्या तरतुदीहून अधिक, आणि ते येण्यास दोन महिने. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, गावाकडे पुन्हा वर्गणी मागायला तोंड नाही. यंदा झाकून ठेवतो, पुढचं पुढे." आपल्याकडे पुष्कळ वस्तू अशाच 'पुढचं पुढे' म्हणून कपाटात जातात आणि तेथेच म्हाताऱ्या होतात. ज्या शाळांत आजही सूक्ष्मदर्शक फडक्यात गुंडाळून ठेवलेले आढळतात, त्यांतले किती खरोखर बिघडलेले असतील?

आता कार्डाला दोषी ठरविण्यापूर्वी लक्षणाला प्रश्न विचारू. दुर्बीण संथ चालते तेव्हा सर्व ठीक असते आणि जलद चालते तेव्हाच यंत्र विझते. या दोहोंत फरक कशाचा? विजेच्या प्रवाहाचा. तारा धरून संथ चालताना अशी बैठक अर्धा अँपिअरही घेत नाही. दोन्ही मोटारी जोरात फिरल्या की दोन अँपिअर किंवा त्याहून अधिक घेते. म्हणजे हा बिघाड कमी प्रवाहाला वाट देतो आणि जास्त प्रवाहाला अडवतो. कार्ड जळले असते तर ते इतके विचारपूर्वक वागले असते काय?

येथे ओहमचा नियम कामाला येतो. १८२७ साली जर्मनीत प्रसिद्ध झालेला हा नियम आपण सर्वांनी शाळेत घोकला आहे: दाबातील घट म्हणजे प्रवाह गुणिले अवरोध. समजा, वाटेत कोठेतरी एका ओहमचा नको असलेला अवरोध निर्माण झाला आहे. संथ चालीला, ०.४ अँपिअर प्रवाहाला, त्यावर ०.४ व्होल्ट खर्च होतील. बारांतून इतके गेले तर यंत्राला पत्ताही लागत नाही. जलद चालीला, २ अँपिअर प्रवाहाला, २ व्होल्ट गेले. बाराचे दहा उरले. तेवढ्यावर कार्डाचा जीव कासावीस होतो आणि ते नव्याने सुरू होते. सुरू होताच मोटारी थांबतात, प्रवाह उतरतो, दाब पुन्हा चढतो, आणि सर्व काही ठीक असल्याचा देखावा निर्माण होतो. नळाला बारीक धार असताना चाळीच्या वरच्या मजल्यावर पाणी येते आणि खाली कोणी मोठी तोटी उघडली की बंद होते, हा अनुभव आपणांस आहेच. त्या वेळी आपण टाकीला दोष देत नाही, नळीत गाळ साचला असे म्हणतो.

आता कोणी म्हणेल, मीटर लावून पाहिले की झाले. गावच्या एका उत्साही तरुणाने ते केलेही होते. पिनेच्या टोकाशी मीटर लावला, तो १२.१ दाखवू लागला. "वीज तर पुरी येते, तेव्हा दोष आतच," असे त्याने अनुमान काढले. अनुमानाची रीत चांगली, पण पुरावा अपुरा. साधा डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. प्रवाह नाही म्हणजे घटही नाही. तुटत आलेल्या वायरीची एकच केसाएवढी तार शिल्लक असली, तरी मीटर बाराच दाखवील. बैलगाडीचा आस भरभक्कम आहे की नाही, हे गाडी रिकामी असताना पाहून कळत नाही. ओझे घालूनच पाहावे लागते.

हे ओझे आम्ही मोटारगॅरेजमधून आणले. मोटारीच्या वळण-इशाऱ्याचा २१ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे बैठकीच्या जलद चालीच्या जवळपास. त्याला दोन वायरी जोडल्या की परीक्षेचे उत्तम साधन तयार. मग वाटेचा एकेक टप्पा क्रमाने तपासावयाचा. उगमापासून निघावयाचे आणि कोठेही उडी मारावयाची नाही.

पहिला टप्पा, अडॅप्टर आणि त्याची वायर. पिनेच्या टोकाशी दिवा लावला. तो लख्ख पेटला. मीटरने ११.९ दाखविले. वायर टोकापर्यंत वाकवून पाहिली, दिवा लुकलुकला नाही. म्हणजे अडॅप्टर निर्दोष, वायर निर्दोष. जेथे बॅटरी असते तेथे याच जागी बॅटरी तपासावी. शिसे-आम्लाची पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, आणि ती १२ च्या खाली उतरली असेल तर तिच्याकडून रात्र काढण्याची आशा धरू नये.

दुसरा टप्पा, पिन आणि सॉकेट यांची भेट. पिन सॉकेटमध्ये घातली आणि दोन बोटांनी किंचित हलविली. ती डुगडुगत होती, आणि डुगडुगली की दिवा लवत होता. चौकशी करता कळले की मूळ अडॅप्टर वर्षापूर्वी हरवला आणि बाजारातून दुसरा आणला गेला. भोकाचे माप घेतले, ते २.५ निघाले. सुळका २.१ चा. एक चोर सापडला. पण येथेच थांबणे चुकीचे झाले असते, कारण योग्य मापाची पिन लावूनही जलद चालीला यंत्र विझतच होते.

तिसरा टप्पा, सॉकेट आणि कार्ड यांचा सांधा. वीज काढून बैठकीचे झाकण उघडले. सॉकेट कार्डावरच सोल्डरिंगने बसविलेला होता, म्हणजे ज्याला आपले कारागीर डाख देणे म्हणतात त्या रीतीने. आता वीज पुन्हा जोडली. मीटरचे एक टोक सॉकेटच्या मधल्या पायावर आणि दुसरे कार्डावरील त्याच रेषेच्या तांब्यावर ठेवले. ही दोन्ही टोके एकाच जोडाच्या दोन बाजूंना आहेत. जोड धडधाकट असेल तर मीटरने जवळजवळ शून्य दाखविले पाहिजे. दुर्बीण जलद वळवली, आणि मीटरने १.९ दाखविले. एकाच सांध्यावर जवळजवळ दोन व्होल्ट गिळले जात होते. भिंगाखाली पाहिले तर पायाभोवतीच्या डाखात केसासारखी गोल भेग दिसली. सॉकेटला हात लावून पाहिला, तर तो कोमट लागला. जी वीज मोटारीला मिळावयाची, ती तेथे उष्णता होऊन वाया जात होती.

आता सर्व धागे जुळले. पिन सैल, म्हणून प्रत्येक वेळी कोणीतरी ती दाबून, वाकवून, कागदाची घडी घालून बसवी. वायरीचे वजन सॉकेटवर लोंबकळे. दुर्बीण फिरली की ते कधी उजवीकडे ओढे, कधी डावीकडे. सॉकेट कार्डावर उभा, म्हणून तो प्रत्येक ओढीला तरफेसारखा डाख उचकटी. वर्षभरात डाखाने हार मानली. कार्ड निरपराध होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावयाची, तर तेवढ्याच तयारीत आपण होतो.

दुरुस्ती गावातल्याच एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने केली. त्याने जुना डाख ताप देऊन काढून घेतला, पाय खरवडून चकचकीत केला, फ्लक्स लावला आणि नवा डाख दिला. पण तो तेवढ्यावर राहिला नाही. तो म्हणाला, "हाच सॉकेट ठेवला तर पुढच्या वर्षी पुन्हा बोलवाल." त्याने झाकणावर आट्यांची कडी असलेला, फिरवून घट्ट होणारा दोन पायांचा सॉकेट बसविला आणि तेथून कार्डापर्यंत लवचीक वायरीचा लहानसा तुकडा घेतला. आता ओढ झाकणावर पडेल, डाखावर पडणार नाही. वायर बैठकीच्या पायाला एका पट्टीने बांधून टाकली, म्हणजे तिचे वजन पायाने पेलावे. सर्व साहित्याचा खर्च सिनेमाच्या एखाद्या तिकिटाएवढा. ठरल्या रात्री अडीचशे मुलांनी ग्रह पाहिले, आणि दुर्बीण एकदाही विझली नाही.

ही दुरुस्ती घरी करू इच्छिणाऱ्यांसाठी तीन सूचना. १२ व्होल्टला हात लागला तर झटका बसत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांत पक्कड पडली तर ती क्षणात लाल होते. म्हणून बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज असावा. दुसरे, भिंतीवरच्या अडॅप्टरचे पोट उघडू नये; तेथे २३० व्होल्टचा कारभार आहे. तिसरे, नवा सॉकेट आणताना त्याला कित्येकदा तीन पाय असतात. त्यांतला तिसरा पाय पिन आत गेली की सुटतो. चुकून त्याच्यावर वायर जोडली, तर पिन बाहेर असताना जोडणी ठीक वाटते आणि आत घालताच तुटते. आधी मीटरने पाय ओळखावे, मग डाख द्यावा.

श्रोतेहो, हे सारे एका खेड्यातील शाळेपुरतेच असते, तर आम्ही आपला एवढा वेळ घेतला नसता. पण सांध्याचा दोष थोरामोठ्यांनाही सोडत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातील शास्त्रज्ञांच्या एका गटाने जाहीर केले की, जिनीव्हाजवळून निघालेले न्यूट्रिनो कण ७३० किलोमीटरवरील इटलीतील भूमिगत प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा सुमारे ६० अब्जांश सेकंद आधी पोहोचतात. आइन्स्टाइनचा सिद्धान्त डळमळला की काय, अशी चर्चा जगभर झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये उलगडा होऊ लागला. घड्याळाकडे संकेत नेणाऱ्या प्रकाशतंतूचा एक जोड नीट बसलेला नव्हता. त्या शास्त्रज्ञांची थोरवी अशी की, त्यांनी आपला निष्कर्ष तपासणीसाठी जगापुढे ठेवला आणि तपासणी चालू ठेवून सैल जोड स्वतःच शोधून काढला. त्याच जिनीव्हाजवळ १९ सप्टेंबर २००८ रोजी, जगातील सर्वांत मोठे कणवेगवर्धक यंत्र सुरू होऊन नऊ दिवस होतात न होतात तोच, दोन चुंबकांमधील विजेचा एक जोड निकामी झाला. सुमारे सहा टन हेलियम बाहेर पडला आणि यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. त्यांची जोडणी अतिशीत धातूची, आपली डाखाची. पण दोष त्याच जागी, दोन वस्तू जेथे एकमेकींना भेटतात तेथे.

असे का व्हावे? वस्तू एकाच कारखान्यात, एकाच हाताखाली, तपासून बनते. जोड मात्र दोघांच्या हद्दीवर असतो. पिन करणारा वेगळा, सॉकेट करणारा वेगळा, विकणारा तिसरा आणि वापरणारा चौथा. हद्दीवरच्या बांधाची काळजी कोणीच घेत नाही, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. शिवाय ओढ, ओल, धूळ आणि हाताळणी यांचा सारा मार जोडावर पडतो. कोकणच्या खाऱ्या हवेत तर पितळी पट्टीवर एका पावसाळ्यात हिरवा थर चढतो.

तरीही संशय येतो तो कार्डावरच. याचे कारण आमच्या मते असे की, जे महाग आणि गूढ आहे ते बिघडले असे म्हणण्यात एक प्रकारची प्रतिष्ठा आहे, आणि सुटकाही आहे. "कार्ड गेले" म्हटले की विचार संपतो. "सांधा पाहू" म्हटले की गुडघे टेकून, भिंग घेऊन, क्रमाने बघावे लागते. पहिल्या निकालाला पैसे लागतात आणि दुसऱ्याला चिकाटी लागते. ज्या समाजाजवळ पैसे कमी आहेत, त्याला तर दुसरीची सवय अधिक हवी.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेत ओहमचा नियम फळ्यावर शिकवून झाला की मुलांच्या हाती एक मीटर, एक मोटारीचा दिवा आणि मुद्दाम बिघडवलेली एक वायर द्यावी, आणि दोष कोठे आहे ते शोधावयास सांगावे. ज्याने असा एक दोष स्वतः शोधून काढला, तो पुढे दुर्बिणीपाशी असो, पंपापाशी असो वा एखाद्या संस्थेच्या कारभारात असो, मोठ्या नावाला आरोपी करण्यापूर्वी सांधे तपासून पाहील. आणि गावातल्या त्या रेडिओवाल्या कारागिराला अशा वर्गात एक तास बोलवावे. जोड दुखावतो कसा आणि टिकतो कसा, हे त्याच्या बोटांना ठाऊक आहे.